मिल बंद, बीपी चालू

इंदूरच्या मेडिकल कॉलेजात मला नोकरी लागली तेव्हा आईने शेजारच्या काकूंना सांगितलं, की आमची रोहिणी आता डॉक्टरांबरोबर पंख्याखाली बसून काम करणार. पहिल्याच आठवड्यात माझ्या खांद्यावर रक्तदाब मोजायची जड पेटी आली, पायांत कॅनव्हासचे बूट आले आणि मी भर उन्हात मिलमजुरांच्या चाळीत उभी होते. आमचे आजोबा होळकर दरबारच्या कचेरीत कारकून, वडील पुढे राज्य सरकारच्या नोकरीत. मिलचा भोंगा ऐकून आमच्या घरची घड्याळं लावली जायची, पण भोंग्याच्या दिशेला घरातलं कोणी कधी गेलं नव्हतं. मी गेले, आणि माझी सगळी नोकरी त्याच दिशेला झाली.

मी डॉक्टर नव्हे. समाजशास्त्रात एम. ए. केलेली बाई. आमच्या विभागाचे प्रमुख डॉ. दिघे यांना कापड मिलमधल्या माणसांचा अभ्यास करायचा होता. हृदयविकार आणि लकवा कोणाला होतो, होण्याआधी त्या माणसात काय काय दिसतं, आणि ते वेळीच आटोक्यात आणलं तर पुढचं टळतं का, हा त्यांचा प्रश्न. पुस्तकांत याची उत्तरं होती, पण ती पाव-लोणी खाणाऱ्यांच्या देशातली. आपल्याकडच्या बीडी ओढणाऱ्या, रात्रपाळी करणाऱ्या, ताटात तिखट सेव असल्याशिवाय घास न उतरणाऱ्या माणसाचं काय, हे कोणी नीट विचारलेलं नव्हतं.

काम ऐकायला सोपं. माणसाला खुर्चीवर बसवायचं, पाच मिनिटं बोलू द्यायचं नाही, बाही वर करायची, दंडाला पट्टा गुंडाळायचा, हवा भरायची, आणि पारा खाली येताना कानांतल्या नळीतून ठोके कधी सुरू होतात, कधी बंद होतात ते ऐकायचं. पण इंदूरच्या माणसाला पाच मिनिटं गप्प बसवणं म्हणजे काय, हे इंदूरच्या माणसालाच कळेल. शिवाय चहा झाल्याबरोबर मोजायचं नाही, बीडी झाल्याबरोबर मोजायचं नाही, आणि चाळीत अशी वेळ सापडायची नाही, की ज्याच्या आधी चहा किंवा बीडी झालेली नाही. दिघे सरांचा आणखी एक कटाक्ष होता. आकडा गोल करायचा नाही. पारा दोन रेघांच्या मध्ये थांबला तर जवळची रेघ लिहायची, सोयीची नाही. कागदावर फार शून्यं दिसली की सर चष्म्यावरून बघून विचारायचे, "काय हो रोहिणीबाई, आज चाळीत सगळ्यांनी ठरवून आकडे दिले का?"

त्या चाळीत माझी पहिली गाठ पडली ती शेळके पैलवानांशी. मिलच्या विणाई खात्यात जॉबर, म्हणजे मागांवर काम करणाऱ्यांचा मुकादम. चाळीच्या टोकाला तालीम, तिथे ते उस्ताद. छाती अशी, की सदऱ्याच्या गुंड्या कायम तणावात. त्यांच्या दंडाला माझा पट्टा पुरेना, मोठा पट्टा मागवावा लागला. दुसऱ्या खेपेला तो घेऊन गेले, दोनदा मोजलं आणि दोन्ही वेळा ठोके पार वरच्या रेघांपासूनच ऐकू यायला लागले.

"पैलवान, तुमचं प्रेशर बरंच जास्त आहे."

"मशीन खराब आहे ताई तुमची," ते शांतपणे म्हणाले. "बीपी सेठ लोकांना असतं. गादीवर बसून बसून होतं ते. मी आजपण सकाळी दंड-बैठका काढतो." मग त्यांनी दारातून हाक मारली, "अरे मुन्ना! इकडे ये जरा."

मुन्ना भिया (भैयाचं इंदुरी रूप) त्यांच्याच खात्यातला, शेजारच्या खोलीत राहणारा. उदबत्तीच्या काडीसारखा माणूस, कानावर बीडी.

"याचं बघा," पैलवान म्हणाले. "याचं माझ्यापेक्षा बरोबर आलं ना, तर मशीन नाल्यात टाका."

"उस्ताद, सुई तो नी लगेगी?" मुन्ना भियाने विचारलं आणि डोळे मिटून हात पुढे केला. त्याचा रक्तदाब विद्यार्थ्यांना दाखवावा इतका सुरेख होता. मी तसं सांगितल्यावर त्याने कानावरची बीडी काढली, पेटवली आणि पैलवानांकडे पाहून म्हणाला, "बॉडी मत देखो उस्ताद, अंदर का माल देखो."

सगळी चाळ हसली. पैलवान हसले नाहीत, आणि पुढचे कितीतरी दिवस चाळीत एकही बाही वर झाली नाही. पैलवान नाही म्हणाले म्हणजे गल्ली नाही म्हणाली. मार्ग काढला तो त्यांच्या बायकोने, सरूबाईंनी. बुटकी, चपळ बाई, बोलताना हात सतत कशात तरी गुंतलेले. त्या मला नळावर गाठून म्हणाल्या, "ताई, तुम्ही तालमीत मोजा नी. मारुतीच्या समोर. मारुतीसमोर मशीन झूठ बोलणार नाही, असं मी बोलते ह्यांना."

मोजलं. पारा तिथेच. पैलवान मारुतीला हात जोडून म्हणाले, "ठीक आहे. मोजायचं तेवढं मोजा. पण गोळी मी खाणार नाही. गोळी बिमार माणूस खातो. मला काय होतंय?"

आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी अडचण त्यांनी एका वाक्यात सांगितली होती. दात दुखला तर माणूस उन्हातान्हात डॉक्टर शोधतो. वाढलेलं प्रेशर दुखत नाही, खुपत नाही, झोप उडवत नाही. काही होत नसलेल्या माणसाला रोज गोळी खायला सांगायचं, ते कशाच्या जोरावर? तरीपण चाळ परत उघडली हे काय कमी होतं! माणसं नावं नोंदवून घेऊ लागली. दरवर्षी येऊन मोजायचं ठरलं. बघता बघता मी त्या भागात 'बीपीवाली ताई' झाले.

आणि मग मिल बंद पडली.

हूल बरीच आधीपासून होती. आज पगार उशिरा, उद्या एक पाळी कमी. एका सकाळी फाटकाला कुलूप होतं आणि भोंगा वाजला नाही. त्या वर्षांत पेपरात उदारीकरण हा शब्द रोज यायचा. शहरात नवी नवी दुकानं उघडत होती, काचेचे दर्शनी भाग असलेली खाजगी नर्सिंग होम उभी राहत होती, टीव्हीवर चॅनेल वाढत होते. चाळीत एवढाच शब्द होता, 'गेट बंद'. दुपारी गेलं तर सगळे पुरुष घरी. ओट्यावर बसून फाटकाच्या दिशेला बघणारे. त्या दिवसांत मला पेटी उघडायची लाज वाटायची. ज्याची नोकरी गेली त्याला मी विचारायचं, "तुम्ही मीठ किती खाता?"

हळूहळू खोल्या रिकाम्या व्हायला लागल्या. कोणी गावी गेलं, कोणी मुलाकडे, कोणी नुसतंच गेलं. माझ्या कागदांवर 'घर बंद', 'घर बंद' असंच लिहिलं जाऊ लागलं. मी सरांना म्हटलं, "जे राहिलेत त्यांच्यावरच अभ्यास पुरा करू या."

सरांनी खुर्ची पुढे ओढली. "समजा, शाळेत परीक्षेला पोरं आलीच नाहीत. जी आली ती पास झाली. तुम्ही निकाल काय लावाल, शाळा उत्तम?" त्यांनी 'घर बंद'च्या कागदांवर बोट ठेवलं. "जे निघून गेलेत त्यांचंच जास्त बिघडलं असण्याची शक्यता. तेच वगळले तर आपण स्वतःला फसवतोय. शोधा त्यांना."

मी शोधायला निघाले. बसने, टेम्पोने, कधी कोणाच्या सायकलवर मागे बसून. एकजण सिमरोलला भावाच्या शेतात सोयाबीन काढताना सापडला; बांधावर बसवून मोजलं. एकजण महूला एका निवृत्त फौजी साहेबांच्या बंगल्यावर चौकीदार झाला होता. ड्यूटी सोडून हलायला तयार नाही, म्हणून फाटकातच स्टुलावर बसवून पट्टा बांधला. तेवढ्यात साहेब बाहेर आले. मला वाटलं, आता दोघांनाही हाकलतात. त्यांनी सगळं विचारून घेतलं, दुसरं स्टूल मागवलं आणि बाही वर करून चौकीदाराच्या मागे नंबर लावला.

असे थोडे मिळाले, पण निम्म्याहून अधिक माणसांचा पत्ता नव्हता. एक दिवस दमून सरूबाईंच्या दारात पाणी पीत बसले होते. पैलवानांनी तोवर चाळीच्या तोंडाशी सेव तळून विकायला कढई मांडली होती आणि सरूबाई बेसन चाळत होत्या. त्या म्हणाल्या, "कायको वणवण करता ताई? भादव्यात सगळे येतीलच. झाँकी आहे नी."

बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्या इंदुरात अनंत चतुर्दशीला मिलींच्या झाँक्या निघतात. ट्रकवर किंवा गाड्यांवर उभारलेले हलते देखावे, विजेची रोषणाई, समोर आखाड्यांचे पैलवान. सगळं शहर रस्त्यावर बसून ते बघतं. मिली चालू होत्या तेव्हा हा मिलचा थाट होता. मिली बंद पडल्यावर मजुरांनी वर्गणी गोळा करून झाँकी चालू ठेवली. पगार नाही, पाळी नाही, पण गणपतीच्या आधी काही आठवडे मिलच्या आवारातली एक शेड उघडली जायची, आणि जिथे असतील तिथून माणसं यायची.

मी एका रविवारी सकाळी त्या शेडमध्ये शिरले आणि पेटी खाली ठेवून नुसती बघत उभी राहिले. माझे सगळे 'घर बंद' तिथे होते! कोणी बांबू तासत होता, कोणी लगद्याला रंग देत होता, कोणी वायरींच्या गुंत्यात बसला होता. मध्यभागी प्रचंड कुंभकर्ण आडवा. एका जुन्या फिटरने त्याच्या पोटात मोटर बसवली होती, त्यामुळे पोट वर-खाली व्हायचं. छातीवर राक्षस ढोल वाजवत चढणार होते. मुन्ना भिया कुंभकर्णाच्या नाकाखाली मिशीचे केस चिकटवत होता. मला बघून ओरडला, "भिया लोग, बीपी आ गई! बीड़ी बुझाओ!"

मी कुंभकर्णाच्या उशाशी खुर्ची मांडली. एकेकजण हात पुसत यायचा, पाच मिनिटं गप्प बसायचा, पट्टा बांधून घ्यायचा आणि परत कामाला लागायचा. सगळ्या नोकरीत असा आनंद मला फार थोड्या वेळा झाला. ज्यांच्यासाठी मी जिल्हाभर हिंडले ती माणसं रांगेत उभी राहून एकमेकांचे आकडे विचारत होती. "तेरा कितना आया?" "मेरा तो तेरे से अच्छा है!"

पैलवान सगळ्यात शेवटी येणार होते. ते कुंभकर्णाच्या उचललेल्या हाताचा दोर आढ्यावरून ओढून धरत होते. अचानक दोर सुटला आणि तो भला मोठा हात धाडकन खाली आला. पैलवान काहीतरी बोलले, पण शब्द जड, एकमेकांत मिसळलेले. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. दोघा-तिघांना वाटलं, उस्ताद झोपेतल्या कुंभकर्णाची नक्कल करतायत. लोक खो खो हसले. पैलवानांनीही हसायचा प्रयत्न केला आणि अर्धंच तोंड हसलं.

सरांनी लकव्याच्या या खुणा आम्हाला कितीतरी वेळा समजावून सांगितल्या होत्या. मी धावत जाऊन त्यांना म्हटलं, "पैलवान, दोन्ही हात समोर धरा." डावा हात वर आला. उजवा निम्म्यावर येऊन खाली पडला. त्यांनी त्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता.

"लकवा आहे," मी ओरडले. "गाडी बघा!"

बांबू घेऊन आलेला टेम्पो दारातच होता. बांबू तिथेच ओतले. चौघांनी पैलवानांना उचलून आत निजवलं, मुन्ना भिया त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसला आणि वाटभर बोलत राहिला, "उस्ताद, आँख खोलो. उस्ताद, मेरी तरफ देखो." कृष्णपुऱ्याच्या पुलापाशी गर्दीत टेम्पो अडकला तेव्हा मुन्ना भिया मागून असा ओरडला, की भाजीच्या गाड्या आपोआप बाजूला झाल्या.

हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत पैलवानांचं तोंड सरळ व्हायला लागलं होतं. दुपारपर्यंत हातही वर आला. अशा झटक्यात मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडतो आणि परत सुरू होतो. माणूस वाचतो, पण ती सूचना असते. पुढचा झटका इतका दयाळू असेल याची खात्री नसते. दिघे सर स्वतः आले. पैलवान पलंगावर उठून बसले होते आणि घरी जायचं म्हणत होते.

"झाँकी अर्धी पडली आहे, साहेब."

सरूबाई पायाशी उभ्या होत्या. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "कुंभकर्ण झोपू द्या थोडा अजून. तुम्ही उठलात ते भोत झालं."

सर पलंगावर टेकले. "पैलवान, तुम्ही म्हणत होता ना, मला काय होतंय? आज कळलं?"

पैलवानांनी उजव्या हाताची मूठ उघडली, मिटली, परत उघडली. "कळलं," ते म्हणाले. मग, "गोळी किती दिवस खायची?"

"कायम."

"कायम म्हणजे?"

"जेवण किती दिवस जेवणार?"

पैलवान त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण तोंडाने हसले.

त्यानंतर मला त्या चाळीत कोणाला काही समजवावं लागलं नाही. पैलवान स्वतः दारोदार जाऊन माणसं ओढून आणत. "चल, बाही वर कर. तुला काय होतंय विचारू नको, मला विचार." एवढं मात्र खरं, की गोळीपुरते ते शहाणे झाले, मिठापुरते नाही. सेवेत मीठ कमी करा म्हटल्यावर ते दुखावले. "ताई, हे इंदौर आहे. इथे माणूस बायकोशिवाय राहील, सेवेशिवाय नाही." शेवटी सरूबाईंनी मीठ कमी करून मिरी आणि लवंग वाढवली आणि एक वेगळा घाणा काढला. गिऱ्हाइकांनी त्याला 'डॉक्टर सेव' नाव पाडलं. खप बेताचाच होता. सर दर शनिवारी पाकीट घ्यायचे, आणि मला संशय आहे, की घरी गेल्यावर वरून मीठ टाकायचे.

सगळंच असं गोड झालं नाही. मुन्ना भिया दोन वर्षांनी गेला. छातीत कळ आली आणि घरच्यांनी रिक्षा आणेपर्यंत सगळं संपलं. त्याचं बीपी शेवटपर्यंत उत्तम होतं. बीडी सोड म्हणून मी त्याला दरवर्षी सांगायचे आणि तो दरवर्षी म्हणायचा, "मेरा तो नॉर्मल है ना, बहनजी?" एक आकडा चांगला आला म्हणजे माणूस सुटला असं नसतं, हे मी त्याला पटवू शकले नाही. पैलवान तेराव्याला माझ्याशेजारी बसले होते. म्हणाले, "माझा हात त्याने वाचवला. मी त्याची बीडी नाही हिसकावली." आजही कोणी बीडी काढताना पाहिलं की मला त्याचा तो कान आठवतो.

अभ्यास पुरा झाला तेव्हा सरांनी ठरवलं, की निकाल आधी चाळीत सांगायचा. संशोधनात असं सहसा होत नाही. माणसांचं रक्त, माणसांचे आकडे घ्यायचे, आणि निष्कर्ष मात्र परगावच्या सभागृहात इंग्रजीत वाचायचे, असाच रिवाज. तालमीत सतरंजी टाकली. सरांनी अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत सांगितलं: प्रेशर, तंबाखू आणि काम गेल्याचा घोर एकत्र आले की धोका किती वाढतो, आणि ज्यांनी नेमाने गोळी घेतली, मोजत राहिले, ते कसे टिकले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पैलवानांनी सगळ्यांच्या वतीने सरांना नारळ दिला.

तेवढ्यात मागून सरूबाईंचा आवाज आला. "साहेब, बायांचं काय निघालं?"

सर थांबले. "बायका या अभ्यासात नव्हत्या, सरूबाई. मिलमध्ये काम करणारे तेवढेच घेतले होते."

"हौ, मिलमध्ये हे जायचे," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, खरोखरच विचारत होत्या. "पण ह्यांची रात्रपाळी मी पण जागली. गेट बंद झालं तर इकडे चूल मलाच पेटवायची होती. बेसन मी मळते, कढईसमोर मी उभी राहते. बीपी फक्त गेटच्या आतल्या माणसाला येतं का?"

सर चष्मा पुसायला लागले. चष्मा परत लावून ते एवढंच म्हणाले, "रोहिणीबाई, पेटी आणली आहे ना?"

मी खुर्ची मांडली. सरूबाई पदर सावरून बसल्या. त्यांना पाच मिनिटं हात रिकामे ठेवून गप्प बसणं फार जड गेलं. पारा चढवला, खाली येताना ऐकलं, सरांकडे पाहिलं. सरांनी स्वतः नळी कानाला लावून परत मोजलं. जास्त होतं. बरंच जास्त होतं.

"आहे ना?" सरूबाईंनी विचारलं.

"आहे," सर म्हणाले. "पण वेळेत सापडलं. उद्यापासून गोळी सुरू."

"मग ठीक." त्या उठल्या, मागे वळून बायकांच्या घोळक्याला म्हणाल्या, "या गं, सुई नाही टोचत."

त्या दुपारी मी मोजत गेले, मोजत गेले, हाताला हवा भरायच्या रबरी फुग्याचे वळ उठले. पुढच्या वर्षी सरांनी चाळीतल्या बायकांचा नवा अभ्यास उभा केला आणि मला आणखी एक तप पुरेल इतकं काम मिळालं. पण तो विचार त्या दिवशी कोणाच्या डोक्यात नव्हता. बायकांची रांग तालमीच्या दारातून बाहेर पार कढईपर्यंत गेली होती, आणि शेळके पैलवान दारात उभे राहून कमरेवर हात ठेवून ओरडत होते, "धक्का नको, धक्का नको! आत बोलायचं नाही! कुसुमताई, चहा पिऊन आलात ना? मागे जा, मागे!"